बावीस फळ्यांचा साकव

मुलांनो, एक खोली मनात आणा. फार मोठी नको. चार टेबलं मावतील एवढी. एका भिंतीला गजांची खिडकी, तिच्यासमोर दार. खिडकीतून पऱ्ह्या, म्हणजे आमचा ओढा, दिसतो आणि पऱ्ह्यावरचा साकव, फळ्यांचा अरुंद पूल. झाली खोली तयार? आता तिच्यातली टेबलं काढा, एकच ठेवा, आणि त्या टेबलावर एक काळा संगणक ठेवा. ही आमच्या ग्रामपंचायतीची मागची खोली. या खोलीत मी एखाद्या प्रश्नाला 'हो' म्हटलं की एक लोखंडी कपाट येत असे.

कपाट आणायला माणूस लागत नसे. मी 'हो' लिहून बटण दाबायची. पाठीमागे फरशीवर लोखंड घासल्याचा आवाज व्हायचा. वळून पाहिलं की कपाट उभं. हिरवं, दोन दारांचं, कपाळावर पांढऱ्या रंगात आकडा.

मी शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलं, शेवटची दहा वर्षं संगणकही. निवृत्त झाल्यावर शनिवारी मुलांना या खोलीत शिकवायची. म्हणून पंचायतीने मागोवा बसवायचं काम मला दिलं. मागोवा म्हणजे गावातल्या कामांवर लक्ष ठेवणारी व्यवस्था. काम काय, कधी सांगितलं, कोणी करायचं, झालं की नाही, हे सगळं तिच्यात लिहायचं. ती एका सर्व्हरवर बसवली, म्हणजे सगळ्यांसाठी दिवसरात्र जागा राहणाऱ्या संगणकावर, म्हणून कोणीही आपापल्या मोबाइलवर ती उघडून बघू शकतो. आमच्या सर्व्हरवर लिनक्स होतं, म्हणजे संगणक चालवणारी एक प्रणाली. आमच्याकडच्या लिनक्समध्ये चित्रं नसतात. काळा पडदा असतो. आपण एक ओळ लिहायची, त्याने एका ओळीत उत्तर द्यायचं. शिकवायला मला ते फार आवडतं, कारण त्याच्याशी मोघम बोलून चालत नाही.

सोमवारी सकाळी मी लिहिलं, 'मागोवा बसव.'

लिनक्सने लिहिलं, 'त्याआधी पानं दाखवणारा कार्यक्रम लागेल. बसवू का?'

हो. कपाट क्रमांक एक.

'त्याआधी नोंदी साठवणारा लागेल. बसवू का?'

हो. कपाट क्रमांक दोन.

दुपारपर्यंत अकरा कपाटं झाली. ती भिंतीला लागून उभी राहत नव्हती. एकमेकांना टेकून उभी राहत होती, कारण प्रत्येक कपाट दुसऱ्या कुठल्यातरी कपाटाच्या आधाराने होतं. दारापर्यंत जायला आता आडवं होऊन सरकावं लागत होतं.

ग्रामसेवक दारातून डोकावले. त्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणतं.

"बाई, ही कपाटं रजिस्टरला चढवावी लागतील हो."

"चढवा."

"कुठनं आली म्हणून लिहू?"

"लिनक्सकडून."

"तालुका?"

"तालुका नाही त्याला."

"मग रकाना मोकळा राहील," ते म्हणाले, आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं.

त्यांच्या काखेखालून जुईली आत आली. जुईली भुवड, सहावीतली, अकरा वर्षांची. पऱ्ह्यापलीकडच्या भरडवाडीत ती आणि तिची आई दोघीच राहायच्या. रोज सकाळी साकवावरून शाळेत यायची, संध्याकाळी साकवावरून घरी जायची. शनिवारच्या वर्गात सगळ्यात आधी तिने स्वतःचं नाव टंकलं होतं. माझा पहिला धडा तोच असतो. बाकी काही नाही आलं तरी चालेल, आधी स्वतःचं नाव लिहायला शिका.

ती कपाटांमधून सरळ चालत आली. तिला आडवं व्हावं लागलं नाही.

"झालं का बसवून, बाई?"

"झालं. आता एक काम लिहून बघायचं. तू सांग एखादं."

तिने विचार केला नाही. "साकवाला बावीस फळ्या आहेत. सातवी कुजलीय. मी सहावीवरून आठवीवर उडी मारते. पण आयेच्या डोक्यावर भारा असतो, तिला उडी मारता येत नाही."

मी लिहिलं. काम क्रमांक एक: साकवाची सातवी फळी कुजली आहे, बदलावी. खाली एक चौकोन होता: जबाबदार व्यक्ती. तो मी मोकळा सोडला. मागोवा ते घेईना. चौकोन लाल झाला.

"भाऊसाहेब, कोणाचं नाव लिहू?"

"लगेच नाव कशाला? माझी तर मार्चमध्ये बदली. सरपंचांचं लिहायचं तर ठराव लागेल." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "संबंधित लिहा की. आपण नेहमी तेच लिहितो."

आणि मी लिहिलं. मुलांनो, हे भाऊसाहेबांवर ढकलू नका. बोटं माझी होती. शाळेच्या सूचनाफलकावर मी छत्तीस वर्षं 'संबंधितांनी नोंद घ्यावी' असं लिहीत आले होते, आणि ते संबंधित कोण हे मला एकाही पोराने विचारलं नव्हतं.

मागोव्याने विचारलं, 'या नावाची व्यक्ती नाही. तयार करू का?'

हो.

या वेळी कपाट आलं नाही.

मंगळवारी सकाळी पंचायतीच्या ओसरीवर खुर्चीत एक गृहस्थ बसलेले होते. पांढरा इस्त्रीचा सदरा, पांढरी पँट. समोरून पाहिलं तर पन्नाशीचे वाटत. बाजूने पाहिलं तर दिसत नसत, कारण बाजूने त्यांना जाडीच नव्हती. वारा आला की ते खुर्चीचा हात धरून ठेवत.

"नमस्कार," मी म्हणाले. "आपण?"

"संबंधित."

"साकवाचं काम आहे. सातवी फळी."

"नोंद घेतली आहे," ते म्हणाले. आवाज छान होता.

गावाला ते फार आवडले. कुणावर ओरडत नसत, कुणाला उद्या या म्हणत नसत. दुपारपर्यंत त्यांच्या नावावर चाळीस कामं झाली. प्रत्येक काम लिहिलं की ते किंचित जाड व्हायचे, वहीत पान घालावं तसे.

दुपारी बारा वाजता मागोव्याने काम क्रमांक एकसमोर लिहिलं: प्रलंबित, एक दिवस. खिडकीतून मी पाहिलं. पलीकडचा काठ एक फळी मागे सरकला होता. त्याच्याबरोबर आंब्याचं झाड, झाडाखालचा गोठा आणि भरडवाडीची पायवाट, सगळंच. साकवाखालचे लोखंडी रूळ तेवढे लांब झाले होते आणि लांब झालेल्या जागी बारीक झाले होते. फळ्या मात्र बावीसच होत्या.

संध्याकाळी जुईलीने सातव्या फळीवरून उडी मारली आणि शेवटी आणखी एक.

बुधवारी दुपारी काठ दोन फळ्या दूर होता. ती धावत जाऊन उडाली. एक चप्पल पाण्यात पडली.

गुरुवारी सकाळी ती एका चपलेने शाळेत आली. दुपारी बारा वाजता अंतर चार फळ्यांचं झालं. संध्याकाळी ती बाविसाव्या फळीवर बराच वेळ उभी राहिली. मग परत आली आणि माझ्या खिडकीपाशी येऊन म्हणाली, "बाई, एक, दोन, चार. उद्या आठ ना?"

"हो."

"मग सोळा, मग बत्तीस."

"हो."

पाढ्यात ती कधीच चुकली नव्हती. त्या दिवशी चुकायला हवी होती.

पलीकडून तिची आई हाक मारत होती. सुगंधाबाईंचा आवाज मोठा, पण त्या वाढलेल्या पट्ट्यावरून हाक चालत येत होती. 'जुईल्ये, जेवलीस काय?' हे आम्हाला ऐकू आलं तेव्हा पलीकडे सुगंधाबाई आंब्याखाली टेकून झोपल्याही होत्या. जुईलीने "जेवले, आये" असं ओरडून सांगितलं आणि ते शब्द साकवावरून हळूहळू जाताना पाहत बसली. जेवली नव्हती. मी तिला माझ्या घरी नेलं.

आता तुम्ही विचाराल, गावातल्या मोठ्या माणसांनी काय केलं. ती बघायला आली. दाजी सुतार म्हणाला, "फळी माझ्याकडं तयार आहे. फणसाची. पण काम माझ्या नावावर नाय. संबंधित बसलेत ना वर."

फणसाची फळी त्याने पंचायतीच्या भिंतीला उभी करून ठेवली. तिला हात लावायला कोणी तयार होईना.

याला कारण बाबल. बाबल पंचायतीचा शिपाई. शाळेपुढचा गळका नळ हे काम लिहिताना त्याने चौकोनात गमतीने स्वतःचं नाव लिहिलं होतं. त्याच रात्री तो नळ जमिनीतून निघाला, रस्त्याने चालत त्याच्या घरी गेला आणि उंबऱ्यात उभा राहून गळू लागला. बाबलने त्याला चहापाणी विचारलं. नळ हलला नाही. शेवटी बाबलने पान्ह्याने त्याचं डोकं उघडून वायसर बदलला, तेव्हा तो गळायचा थांबला आणि परत शाळेपुढे जाऊन उभा राहिला.

"मग बरंच झालं की," मी म्हणाले.

"बरं?" बाबल म्हणाला. "बाई, रात्रभर दारात उभा होता हो. बायको माझी माहेरी गेली. लोक हसतात. म्हणतात, बाबलच्या घरी चालत नळ आला."

लोक हसत होते खरे. पण त्या दिवसानंतर गावात कोणी स्वतःचं नाव टंकलं नाही. देवळापुढच्या खांबावरचा बंद दिवा दर दुपारी उंच चढत होता आणि आता तो घारीच्या वर गेला होता. त्याची नोंद घेतलेली होती.

शुक्रवारी सकाळी मी कपाटांतून आडवी सरकत टेबलापाशी गेले. चौकोनातलं 'संबंधित' खोडायचं आणि माझं नाव घालायचं, एवढंच होतं.

लिनक्सने लिहिलं, 'जबाबदार व्यक्ती बदलण्यासाठी आधी आणखी एक कार्यक्रम लागेल. बसवू का?'

मुलांनो, मी थांबायला हवं होतं. वर्गात मी मुलांना सांगायची, प्रश्न पूर्ण वाचा, मग उत्तर द्या. मी 'हो' लिहिलं. बारावं कपाट आलं आणि दाराकडे जायची फट होती तिथे उभं राहिलं. बाजूला तळहाताएवढी जागा उरली आणि खाली, कपाटाच्या पायांपाशी, एखादं मूल जाईल एवढी.

मी माझं नाव घातलं. मागोव्याने ते घेतलं. मग साकव आला. अलीकडचं टोक काठावरून उठलं, पंचायतीच्या पायऱ्या चढून मागच्या खिडकीशी आलं आणि गजांना टेकलं. पहिली फळी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. गजांतून हात घातला तर तिला बोट लागत होतं. सातवी दिसत होती. तिच्यापर्यंत जायला खोलीतून बाहेर पडायला हवं होतं.

भाऊसाहेब, बाबल आणि दाजी तिघांनी बाहेरून बारावं कपाट ढकललं. ते हललं नाही, म्हणून मी 'बारावं काढ' असं लिहिलं. लिनक्सने लिहिलं, 'यावर तीन कार्यक्रम अवलंबून आहेत. तेही काढू का?' मी 'हो' लिहिलं. 'त्यांपैकी एकावर हा प्रश्न अवलंबून आहे,' त्याने लिहिलं, आणि प्रश्न पडद्यावरून गेला.

साकव शनिवारी दुपारपर्यंत थांबला. बारा वाजता मागोव्याने लिहिलं: व्यक्ती जागेवर हजर नाही. चौकोनात 'संबंधित' परत आलं. साकव गजांपासून सुटला, पायऱ्या उतरला आणि आपल्या जागी गेला. पलीकडचा काठ सोळा फळ्या दूर होता.

जुईली कपाटाखालून सरपटत माझ्यासाठी भाकरी घेऊन आली. आता ती बाबलच्या घरी राहत होती.

"बाई, तुम्हाला पण घरी जाता येत नाही," ती म्हणाली.

"माझं काही नाही गं. माझी वाट बघणारं कोणी नाही."

"माझी आये बघते."

"माहीत आहे."

"आयेचा आवाज आज आलाच नाही. कालचा आला होता सकाळी. आजचा वाटेत असेल."

मी फटीतून भाऊसाहेबांना हाक मारली. "भाऊसाहेब, तुमचं नाव घालते. फक्त सातवी फळी. दाजीने फणसाची तयार ठेवली आहे."

त्यांचा एक डोळा आणि अर्धी मिशी फटीत आली. "बाई, तुम्ही आयुष्यभर पोरांना 'कोणी केलं, कोणी केलं' विचारलंत. आता त्या यंत्राला पण तीच खोड लावलीत."

"घालू का नाव?"

"माझ्यामागे साकव आला तर मी बदलीच्या गावी कसा जाऊ? एसटीत घेतील का त्याला?" मग हळू आवाजात, "बाई, खरं सांगतो, मला पोहता येत नाही." डोळा फटीतून गेला.

संबंधितांना मी विचारलं नाही. ते आता इतके जाड झाले होते की खुर्चीत मावत नव्हते, आणि बाजूनेही दिसू लागले होते. बाजूने त्यांच्या अंगावर बारीक अक्षर होतं.

रविवारी दुपारी बारा वाजता बत्तीस झाले. आंब्याचं झाड कोथिंबिरीच्या काडीएवढं दिसत होतं. त्याच्याखाली एक लाल ठिपका होता. ते सुगंधाबाईंचं लुगडं.

जुईली कपाटाखालून आली. गुडघे धुळीने भरलेले. ती उभी राहिली आणि काही वेळ पडद्याकडे बघत होती.

"बाई, उद्या चौसष्ट."

"हो."

"मग एकशे अठ्ठावीस. मग ठिपका पण दिसणार नाही."

तिने पडद्यावरच्या चौकोनाकडे बोट केलं.

"माझं नाव चालतं का त्याला?"

"तू लहान आहेस, जुईली."

"वय विचारतो का तो?"

मी सगळे चौकोन पाहिले. काम काय, कधी सांगितलं, कोणी करायचं, झालं की नाही. वयाचा चौकोन नव्हता. मागोवा मीच बसवला होता, आणि तेव्हा हे माझ्या मनात आलं नव्हतं.

"विचारत नाही," मी म्हणाले. "पण मी लिहू देणार नाही. मोठ्यांचं काम आहे ते."

"मग मोठ्यांचं लिहा."

मी कीबोर्डवर दोन्ही हात पसरून ठेवले. ती थांबली. तिने हात ओढले नाहीत, रडली नाही. शनिवारच्या वर्गात शेजारच्याचं होईपर्यंत ती थांबायची तशी थांबली. त्याच वेळी खिडकीतून हाक आत आली. शनिवारची असावी, फार दमलेली होती. 'जुईल्ये, दार उघडं ठेवलंय गो.'

मी हात उचलले. का उचलले, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

तिने एकेक अक्षर शोधून टंकलं. पहिल्या दिवशी टंकलं होतं तसंच, जीभ ओठावर धरून. जुईली भुवड. मग बटण दाबलं.

कपाट आलं नाही. ओसरीवरून संबंधितांचा आवाज आला, "बरं." मग कागद चुरगळल्यासारखा मोठा आवाज झाला. बाबलने नंतर सांगितलं की त्यांनी स्वतःची उभी घडी घातली, मग आडवी, आणि खुर्चीवर एक जाड पाकीट उरलं. त्याच्यावर पत्ता नव्हता.

साकव पायऱ्या चढून पंचायतीच्या मागच्या दाराशी, माझ्या खिडकीशेजारी आला. रूळ मागे ताणले गेले आणि आणखी बारीक झाले, सुंभाच्या दोरीएवढे.

"बाई, मी जाते."

"फणसाची फळी घे."

"ती जड आहे. मी उचलून बघितली काल. बाबलकाका धरतील का एक बाजू?"

मी फटीतून ओरडून विचारलं. बाबल म्हणाला, "धरली असती गो. पण नाव तुझं हाय ना." आणि तो खरंच रडत होता.

जुईली कपाटाखालून गेली. माझ्या खिडकीपुढे आता दहावं कपाट थोडं सरकून आलं होतं. दोन गजांमधली एक उभी पट्टी मोकळी होती. तिच्यातून मला जे दिसलं ते सांगते.

ती पहिल्या फळीवर चढली, मग दुसरीवर. तिथे उभी राहून मागे वळली, पहिल्या फळीच्या तारा सोडल्या, फळी डोक्यावर घेतली आणि सातवी ओलांडून शेवटपर्यंत गेली. बाविसावीच्या पुढे रुळांवर तिने ती ठेवली. परत आली. तिसरीवर उभी राहून दुसरी सोडली. तीही नेऊन पुढे घातली. दर खेपेला पंचायतीचं दार आणि तिच्यामध्ये एका फळीचं पाणी वाढत होतं. दारात भाऊसाहेब, बाबल आणि दाजी उभे होते. दाजीने फणसाची फळी उचलली होती आणि ती कुठे टेकवायची हे त्याला कळत नव्हतं.

तिसरी गेली. चौथी गेली. पाचवी. पलीकडे लाल ठिपका उभा राहिला होता.

सहावी नेऊन ठेवून ती परत आली तेव्हा दमली होती. आता तिच्या मागे आमच्या बाजूला एकच फळी उरली होती. ती आठवीवर उभी राहिली. घाम पुसला. एकदा माझ्या खिडकीकडे पाहिलं. मग चप्पल काढून बाजूला ठेवली, वाकली, आणि सातव्या फळीला दोन्ही हात घातले.